बडोद्यावर प्रबंध लिहायचाय? आधी कागद बघा, मग विषय ठरवा

पदवीच्या चौथ्या वर्षाचा प्रबंध म्हटला की बडोद्यातली मराठी मुलं हमखास एक विषय आणतात: सयाजीराव महाराजांचं शैक्षणिक कार्य. विषय जिव्हाळ्याचा आहे, पण १८७५ ते १९३९ एवढा कारभार एका प्रबंधात मावत नाही. संशोधनासह ऑनर्स करणाऱ्याला प्रबंधाचे १२ क्रेडिट मिळतात. तेवढ्या वेळात एक प्रश्न आणि त्याला पुरणारी कागदांची एक मालिका, एवढंच नीट होतं. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करावी. आधी कुठली मालिका सलग मिळते ते पाहावं आणि तिला विचारता येईल असा प्रश्न मग बांधावा.

उदाहरणच घेऊ. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरू झालं आणि १९०६ साली सगळ्या राज्याला लागू झालं. प्रश्न असा करा: १९०१, १९११ आणि १९२१ च्या जनगणनांत १० ते १५ वयाच्या साक्षर मुलींचं प्रमाण कसं बदललं? १९११ मध्ये या गटात असलेल्या मुली १९०६ साली ५ ते १० वर्षांच्या होत्या, म्हणजे सक्तीचा परिणाम दिसायचा तर इथेच दिसेल. तीन खंड आणि एक वयोगट. एवढ्यात चांगला प्रबंध होतो.

पण आकडे सरळ शेजारी मांडू नका. साक्षर कोणाला म्हणायचं याची कसोटी १९११ ला कडक झाली: मित्राला पत्र लिहिता यावं आणि त्याचं उत्तर वाचता यावं. १९०१ ला नुसतं लिहिता-वाचता येणं पुरत होतं. त्यामुळे वाढ कमी दिसली तरी सक्ती फसली असं लगेच म्हणता येत नाही. शिवाय १९०१ च्या जरा आधी छप्पनचा दुष्काळ (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) येऊन गेला आहे. १८९१ ची सुमारे २४ लाखांची लोकसंख्या १९०१ ला साडेएकोणीस लाखांवर आली. म्हणून टक्केवारीबरोबर मूळ संख्याही द्यावी. आणि तेव्हाचा प्रांत म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली हे मुलूख तुटक-तुटक पसरलेले होते. आजच्या नकाशावर ते बसवायचा हट्ट केला की पुढची सगळी तुलना बिघडते.

वार्षिक कारभाराच्या अहवालांत आणखी एक खोच आहे. रमेशचंद्र दत्त महसूल मंत्री असतानाच्या अहवालांचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. ‘१९०६-०७’ हे १९०६ धरून जनगणनेशी किंवा इंग्रजी मुलखाच्या आकड्यांशी जोडलं तर अख्खा पावसाळा इकडचा तिकडे जातो. जुन्या हिशोबांत बाबाशाही, म्हणजे बडोदा राज्याचे स्वतःचे रुपये असतात आणि त्यांची किंमत कलदार, म्हणजे इंग्रज सरकारच्या रुपयाहून कमी होती. तक्त्याच्या डोक्यावर कोणता रुपया ते लिहिलंच पाहिजे.

छापील साहित्यासाठी विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी आणि मांडवीकडची १९१० सालापासूनची सेंट्रल लायब्ररी आहे. हस्तलिखित कागदांसाठी राज्य अभिलेखागाराचं बडोद्यातलं दफ्तर. तिथे जाताना विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल सोबत ठेवा. फोटो काढायचे तर परवानगी आधी विचारा. कागद हातात आला की पहिली नोंद मजकुराची नाही, पत्त्याची करा: दफ्तर, रुमाल (कागद बांधलेलं गाठोडं), कागदाचा क्रमांक, तारीख. शेवटच्या महिन्यात तळटीपा लिहिताना रात्री जागवणारी गोष्ट हीच असते.

जुने कागद मोडीत आहेत. सहाव्या सत्रापर्यंत मोडी वाचता येत नसेल तर अशा कागदांवर प्रबंध घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोडी शिकता येते, पण आठव्या सत्रात नाही. अक्षर लागलं तरी तारीख अडवते. ‘अशरीन मयातैन व अलफ’ (अरबीत वीस, दोनशे आणि हजार) म्हणजे सुहूर सन १२२०, मराठी दफ्तरांतली जुनी कालगणना. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुमारास बदलतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे साल जून १८१९ ते मे १८२०. आनंदराव गायकवाड ऑक्टोबर १८१९ मध्ये वारले. त्यांच्या नावाचं पावसाळ्यातलं पत्र ६०० मिळवून १८२० मध्ये टाकलं तर ते राजाच्या मृत्यूनंतरचं ठरतं. ‘छ’ पुढचा आकडा चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. गुजराती कागदांतला संवत कार्तिकात बदलतो. तेव्हापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, नंतर ५६. मूळ तारीख आणि काढलेली तारीख दोन्ही लिहाव्या, म्हणजे चूक झाली तरी सापडते.

समाजशास्त्रवाल्यांना दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली जुनी मराठी घरं खुणावतात. इथे धोका वेगळा आहे. एका मंडळातून ओळखी काढत गेलं की बाराही मुलाखती एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पुरुषांच्या होतात आणि प्रबंधाचं नाव मात्र ‘बडोद्यातील मराठी समाज’. निदान तीन वेगळ्या दारांतून शिरा आणि घरातल्या सुनांशी वेगळं बोला. सासऱ्यांसमोर त्या त्यांचंच म्हणणं पुढे चालवतात. रेकॉर्डिंगची परवानगी सुरुवातीलाच, रेकॉर्डिंगवरच घ्या. एका तासाची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास लागतात, तेव्हा दहा-बाराच्या वर जाऊ नका. साल आठवत नसेल तर १९४९ चं विलीनीकरण किंवा १९६० ची राज्यनिर्मिती यांच्या आधी की नंतर, असं विचारा. मराठीतून मधेच गुजरातीत गेलेलं वाक्य तसंच उतरवा. कुठल्या गोष्टीसाठी माणूस भाषा बदलतो, हे शुद्ध करून लिहिलेल्या उताऱ्यात उरत नाही, आणि या विषयात तेच सगळ्यात मोलाचं असतं.