४,२९,४९,६७,२९७ : एकतिसावा वर्ग पूर्ण

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का (म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही का), हे ३ चा पुन्हापुन्हा वर्ग करून तपासण्याची माझी आकडेमोड मागच्या नोंदीत अठराव्या वर्गापाशी थांबली होती. काल रात्री एकतिसावा वर्ग पूर्ण झाला आणि बाकी आली १,०३,२४,३०३.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ मिळते. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांतून अशाच मिळणाऱ्या, मालिकेतील तिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही संख्या मूळ असल्यामुळे हीदेखील मूळच असणार, असे गणितज्ञ फर्मा यांना वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलर यांनी तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवून दिले. मला मात्र एकही अवयव न वापरता, केवळ कागद-पेन्सिलीने, ती मूळ नाही हे पडताळायचे होते. त्यासाठी पेपँ यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी आहे: ३ चा वर्ग करायचा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करायचा, दर वेळी आपल्या संख्येने भागून फक्त बाकी पुढे न्यायची, आणि असे ३१ वेळा झाल्यावर जर बाकी ४,२९,४९,६७,२९६ आली तरच संख्या मूळ.

पहिले चार वर्ग (९, ८१, ६,५६१ आणि ४,३०,४६,७२१) भागाकाराविनाच मिळतात. पाचव्यात ३,७९,३२,०१,४५८ ही बाकी येते आणि खरे कष्ट तेथून सुरू होतात. बाकी संख्येच्या निम्म्याहून मोठी असेल तर ती संख्येतून वजा करून उरलेल्याचाच वर्ग करावा, कारण ऋण चिन्ह वर्गात नाहीसे होते. येथे ५०,१७,६५,८३९ घेतल्याने एक अंक वाचला. बाविसाव्या वर्गात माझ्याकडून शेजारचे दोन अंक उलटसुलट उतरले गेले. अंकांची बेरीज तीच राहत असल्याने नवाच्या ताळ्याला (अंकांच्या बेरजेवरून केलेल्या पडताळणीला) ही चूक दिसली नाही, अकराच्या ताळ्याने (अंक आळीपाळीने मिळवून-वजा करून केलेल्या पडताळणीने) मात्र लगेच पकडली. तेव्हापासून प्रत्येक ओळीला मी दोन्ही ताळे लावतो.

शेवटची बाकी ४,२९,४९,६७,२९६ नसल्याने संख्या मूळ नाही हे ठरल्यावर ६४१ ने भागून येणाऱ्या ६७,००,४१७ कडे वळलो आणि या भागाने मला सर्वाधिक आनंद दिला. आपल्या संख्येचा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून होणाऱ्या संख्यांपैकीच असतो. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ च्या किंचित पुढे आहे, आणि तेथपर्यंत अशा मूळ संख्या पाचच सापडतात: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७ या मालिकेतील कोणत्याही दोन संख्यांना १ खेरीज सामाईक अवयव नसतो, म्हणून तिच्यातलीच २५७ आपोआप बाद होते. उरलेल्या चौघांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या. म्हणजे अवघ्या चार भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरली!

हीच कसोटी ५ पासून सुरू करूनही चालते. तेथे चौथाच वर्ग संख्येच्या पुढे जातो, म्हणून भागाकार एकाने वाढेल. कालच नवी वही आखून ठेवली आहे.