दोन क्लायंट, एकच गप्प बसणं

अमेरिकेत काउन्सेलिंगचं मास्टर्स करायला आले तेव्हा वंशभेदावरचा जो विषय होता तो मी सरळ सोपा धरला होता, कारण आपण स्वतःच सावळ्या आणि वर परक्या, हे सगळं गोऱ्या पोरांना शिकवण्यासाठी असणार, आपण मागे बसून मान डोलवायची.

मग एकदा दोन सराव-सेशनचे व्हिडिओ बघून नोट्स लिहायच्या होत्या. दोन्ही क्लायंट हातचं राखून बोलत होते, प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर. गोऱ्या मुलाबद्दल मी लिहिलं 'टेन्शनमध्ये आहे, मोकळं व्हायला वेळ लागेल'. काळ्या मुलाबद्दल 'संशयी, जरा आक्रमक'. सुपरव्हायजर बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि काहीच बोलल्या नाहीत. मला घाम फुटला.

पुढच्याच तासाला लुइझियानाच्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरबद्दल शिकवलं. 1851 मध्ये त्याने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक आजार असतो असं जाहीर केलं, नाव ठेवलं ड्रॅपेटोमेनिया, आणि त्यावर इलाज म्हणून फटकेही सुचवले! वर्ग हसला, मला काही हसू आलं नाही, कारण माणसाची भीती न बघता तिला दोषाचं लेबल लावायचं हेच तर मी आदल्या आठवड्यात केलं होतं. इथल्या सायकिअ‍ॅट्रिस्टांच्या आणि सायकॉलॉजिस्टांच्या मुख्य संघटनांनी या सगळ्या इतिहासाबद्दल माफी मागितली ती 2021 मध्ये, म्हणजे 170 वर्षांनी. आणि आजही काळ्या पेशंटला डिप्रेशनच्या जागी स्किझोफ्रेनियाचं निदान जास्त चिकटतं.

मानसिक आजारांचं निदान करायला इथे जे पुस्तक वापरतात, त्या डीएसएम-5 मध्ये 2013 पासून 16 प्रश्नांची एक मुलाखत आहे, हा त्रास तुला कशामुळे वाटतो, घरच्यांना काय वाटतं असं क्लायंटलाच विचारायचं. चांगली आहे, पण घाईत सगळ्यात आधी तीच गाळली जाते असं माझं मत.

बाकी वर्गातली गंमत वेगळीच, हा विषय निघाला की सगळे एकमेव काळ्या मैत्रिणीकडे बघतात, आणि मला विचारतात 'इंडियात डिप्रेशनला काय म्हणतात', जशी काही मी 140 कोटींची प्रवक्ता!

आता मी नोट्सच्या पानावर मधोमध रेघ मारते, डावीकडे काय दिसलं, उजवीकडे मला काय वाटलं. पहिल्या आठवड्यात उजवी बाजू गच्च भरली होती, डावीकडे जेमतेम दोन ओळी.