नागपूरहून जयपूरला, हँडबॉलची लीग पाहायला

जून 2023 मध्ये विदर्भात मान्सून लांबला होता आणि नागपूर नुसते भाजून निघत होते. अशा दिवसांत चिखलदऱ्यासारखे थंड हवेचे ठिकाण सोडून जयपूरला निघालेल्या माणसांना घरच्यांनी काय म्हटले असेल, ते सांगायला नको. निमित्त होते प्रीमियर हँडबॉल लीगच्या पहिल्या हंगामाचे. सोबतचे स्नेही क्रीडाशिक्षक आहेत. मातीच्या मैदानावर फक्कीच्या रेषा आखून त्यांनी वर्षानुवर्षे मुलांना हा खेळ शिकवला आहे. इटारसी, भोपाळ, उज्जैन, कोटा असा लांबचा प्रवास असल्याने गाडीतच त्यांनी वही उघडून स्पर्धेचे कोष्टक मांडले.

महाराष्ट्र आयर्नमेन, गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश, गर्वित गुजरात, राजस्थान पॅट्रियट्स, दिल्ली पँझर्स आणि तेलुगू टॅलन्स असे सहा संघ. प्रत्येक संघ उरलेल्या पाचही संघांशी दोनदा खेळणार, म्हणजे प्रत्येकी 10 आणि एकूण 30 साखळी सामने. मग पहिले चार संघ उपांत्य फेरीत आणि शेवटी अंतिम सामना. असे 33 सामने 8 ते 25 जून या अवघ्या अडीच आठवड्यांत उरकायचे होते. सतत धावण्याच्या आणि अंगाला अंग भिडण्याच्या या खेळात ही घाई मला खेळाडूंच्या दृष्टीने जाचकच वाटली.

सवाई मानसिंग इनडोअर स्टेडियममध्ये बसल्यावर दूरचित्रवाणीवर न कळणारी एक गोष्ट लक्षात आली. 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद मैदानाच्या मानाने खरी झुंज फारच थोड्या जागेत, गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेलगत चालते. पिव्होट, म्हणजे आक्रमण करणाऱ्या संघाचा रेषेलगतचा खेळाडू, त्या रेषेला पाठ टेकल्यासारखा उभा राहतो, दोन बचावपटू त्याला दोन्ही बाजूंनी आवळतात, आणि चेंडू हाती येताच तो तसाच वळून गोलक्षेत्रात झेपावतो. पाय जमिनीला लागण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. त्याला धरून ओढणारा बचावपटू दोन मिनिटांसाठी बाहेर गेला, की त्याच्या संघाला तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन लढावे लागते. अशा वेळी आक्रमणात संख्या भरून काढण्यासाठी गोलरक्षकालाच बाकावर बोलावून त्याच्या जागी आक्रमक उतरवतात, आणि चेंडू हातचा गेला तर आपला गोल रिकामा राहतो. गुरुजींची नजर चेंडूपेक्षा त्या धावत परतणाऱ्या गोलरक्षकावरच खिळलेली असे.

मध्यंतरात ते म्हणाले, "महाराष्ट्राचा संघ म्हणता, पण घरचं मैदान कुठं आहे बाप्पा याचं?" प्रश्न बिनतोड होता. सगळी स्पर्धा जयपुरातच असल्याने घरच्या प्रेक्षकांचा लाभ एकट्या राजस्थानच्या वाट्याला येत होता. दोनदा गाठ घालण्याची पद्धत मुळात एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या गावी खेळण्यासाठी असते. जर्मनीच्या हँडबॉल बुंडेसलिगा या लीगमध्ये 18 संघ याच रीतीने प्रत्येकी 34 सामने खेळतात, तक्त्यात पहिला येणारा संघच विजेता ठरतो आणि शेवटचे दोन खालच्या श्रेणीत जातात. आपल्याकडे मात्र 10 सामन्यांची कमाई उपांत्य फेरीत प्रवेश मिळवून देते आणि तिथेच संपते. पहिला आणि चौथा दोघेही पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. प्रेक्षकांसाठी हे रंगतदार खरे, पण मला ते तितकेसे न्याय्य वाटत नाही.

अंतिम सामना आम्ही नागपुरात परतल्यावर पाहिला. आयर्नमेनने गोल्डन ईगल्सला हरवून पहिले विजेतेपद मिळवले. ज्या राज्याच्या नावाने हा करंडक आला, तिथे त्या हंगामातला एकही सामना झाला नव्हता. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात 2017 साली राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेत सायना आणि सिंधूचा अंतिम सामना रंगला होता; साखळीतले पाच घरचे सामने तिथे भरवले, तर गुरुजींच्या शाळेतली पोरे सिटी बसने येऊन हा खेळ पाहू शकतील.