आवळणं आणि सोडणं

बाळंतिणीचं कौतुक आपल्याकडे कमी होत नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवणानंतर बाळंतशोपा, तेल लावायला येणाऱ्या मावशी, शेक, धुरी, कानाला घट्ट रुमाल. पोट सुटू नये म्हणून पोटपट्टा तर दोन्ही घरांच्या आग्रहाने. सव्वा महिना सरतो, ती घरात वावरायला लागते, एक दिवस जोरात शिंकते आणि लघवीचे दोन थेंब गळतात. यावर मोठ्या बायकांचं उत्तर ठरलेलं: "होतं गं, मूल झाल्यावर."

होतं, हे खरंच. पण ते जन्मभर सोसायचं कशाला? ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधाराने राहतात. नऊ महिने ती ओझ्याखाली ताणते आणि बाळाचं डोकं बाहेर येताना तर फारच. सिझेरियन झालं म्हणून सुटलो म्हणणाऱ्यांनी ते नऊ महिने मोजावेत.

या झोळीला पुन्हा ताकद आणणारा व्यायाम सोपा आहे. पाठीवर झोपावं, गुडघे दुमडावेत, पावलं गादीवर टेकवावीत. श्वास सोडता सोडता चारचौघांत वारा सरू नये म्हणून आवरतो तसं मागून आवळावं, मग लघवी रोखल्यासारखं पुढून, आणि सगळं आत-वर ओढावं. तीन सेकंद धरून पूर्ण सोडावं, सहा सेकंद थांबावं. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं आठवड्या-आठवड्याने दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. शेवटी दहा झटपट आवळण्या: आवळलं, सोडलं. नंतर हेच बसून आणि उभ्याने. साधी प्रसूती असेल, लघवी नीट होत असेल आणि दुखत नसेल, तर एक-दोन दिवसांत हलकेच सुरू करता येतं. लघवीची नळी लावलेली असेल तर ती निघेपर्यंत थांबायचं. टाके गुदद्वारापर्यंत गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

गंमत अशी की हा व्यायाम कुणाला दिसत नाही, त्यामुळे चुकला तरी कुणी टोकत नाही. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं, तेव्हा सोबत दाब मोजणारं एक यंत्रही वापरलं, ते उगीच नाही. काटा हलला की बाईला कळायचं, बरोबर जागा सापडली. घरी हाताचा आरसा पुरतो. आवळल्यावर गुदद्वार आत ओढलं गेलं पाहिजे. उलट तिथे फुगवटा आला, तर बाई वर ओढायच्या ऐवजी कुंथते आहे आणि झोळीवर आणखी भार टाकते आहे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नितंब आणि मांड्या आवळणं. चेहऱ्यावर कष्ट दिसतात, काम मात्र भलतेच स्नायू करतात. तिसरी, श्वास रोखणं. पाच आकडे मोठ्याने मोजा, श्वास आपोआप चालू राहतो. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज सराव करायचा नाही. मूत्राशय नीट रिकामं होत नाही. जागा ओळखायला एखाद्या वेळी, बस.

पोटपट्ट्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. कंबरेला आधार वाटतो म्हणून सैलसर बांधला तर हरकत नाही. पण श्वास अडेल इतका आवळला की पोटातला दाब कुठे जाणार? खालीच. बद्धकोष्ठाचंही तेच. कुंथणाऱ्या बाईने कितीही व्यायाम केला तरी सकाळी दहा मिनिटांत कमावलेलं जातं. पाणी, भाजी, आणि कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट, एवढं तरी करावंच.

खोकला, शिंक येते आहे असं वाटलं, बाळाला किंवा पाण्याची बादली उचलायची असली, की आधी क्षणभर आवळून मग खोकायचं, उचलायचं. ही सवय लागली की फरक लवकर जाणवतो. बाकी ताकद यायला तीन महिने तरी धरायचे. तेवढं नेमाने करूनही गळत असेल, किंवा अंग बाहेर येतंय असं वाटत असेल, तर लाजत बसू नये. या कामात तरबेज फिजिओथेरपिस्ट असतात, डॉक्टरांकडून त्यांचं नाव मागून घ्यावं.

ज्या सोडण्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, ते मात्र निम्मा व्यायाम आहे. स्नायू पूर्ण सैल झालाच नाही तर पुढची आवळणी अर्धवटच होते. काहींचा तर मुळातच घट्ट असतो: संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला जोर करावा लागतो. अशा बाईने आकडे वाढवू नयेत. तिने आवळणं बंद ठेवावं, कुशीवर पडून पोट फुगेल असा खोल श्वास घ्यावा, तळ सैल होऊ द्यावा, आणि पुढचं तपासणीनंतरच ठरवावं.