फूटपट्टीवरची नेमबाजी

आज रविवारची अख्खी दुपार फूटपट्ट्या कापण्यात गेली. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापूर जिल्ह्यात ‘बंदूक नाही, शिकायचं कसं?’ असं विचारणारी पोरं कमी नाहीत. एअर पिस्तूल हातात येण्याआधीचं बरंच काम घरी, फूटपट्टीवर नेम धरायचा सराव करून होतं.

३० सेंमीची लाकडी पट्टी घ्या. डोळ्याकडच्या टोकाला मॅट काळ्या कार्डशीटची, मध्ये ५ मिमीची चौकोनी खाच कापलेली पाटी उभी चिकटवा. पुढच्या टोकाला ४ मिमी रुंद माशी, म्हणजे खाचेतून बघून नेम धरायची उभी पाटी. चकचकीत कागद नको, कडा उजेडात फुटतात. १० मीटरच्या पिस्तूल टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिमीचा. घरात ५ मीटरच मिळतात, म्हणून ३० मिमीचा गोल काढा, जमिनीपासून १.४ मीटरवर लावा.

माशीचा माथा खाचेच्या कडेला समपातळीत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. नजर माशीवरच, गोल धूसर दिसला पाहिजे. इथंच सगळे घसरतात: गोल स्पष्ट बघायला जातात आणि माशी हलते. माशी खाचेत १ मिमी सरकली, तर १० मीटरवर चूक जवळपास ३३ मिमी! माशी आणि खाच जुळलेली राहून नुसता हात थरथरला तर मात्र तेवढं बिघडत नाही.

ताकदीसाठी अर्धा लिटर पाण्याची बाटली, हात सरळ, ८-१० सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. खांदा कानाकडे चढला की थांबा. लिटरची बाटली महिन्याभरानं. आणि पट्टीला पिस्तुलाचा आकार देऊ नका, रंकाळा तलावावर मिरवायची वस्तू नाही ती.