क्राऊन-पिनियन बदलल्यावर माळशेजपर्यंतचा पहिला प्रवास

मूळच्या 28 इंची टायरांच्या जागी 31 इंची टायर बसवल्यापासून आमची जीप रुबाबदार दिसू लागली खरी, पण गेल्या पावसाळ्यात कसारा घाटात ती दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. शिवाय मोबाईलवर वेग 60 दिसत असताना काटा 54 वर असे. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. चाकाचा घेर वाढला होता आणि अॅक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते प्रमाण, मात्र 4.10 वरच राहिला होता.

हिशोब सोपा आहे. 31 ला 28 ने भागून 4.10 ने गुणले की 4.54 येते आणि त्याच्या सर्वांत जवळचा, बाजारात मिळणारा जोड 4.56 चा, म्हणजे अॅक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला, क्राऊनला, 41 आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला 9 दात. मित्रमंडळींचा आग्रह 4.88 चा होता, परंतु आठवड्याचे पाच दिवस पूर्व द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या गाडीचे इंजिन विनाकारण आणखी सात टक्के जास्त फिरवण्यात मला अर्थ वाटला नाही. शिवाय त्या जोडात पिनियनला आठच दात असतात. पुढचा आणि मागचा असे दोन्ही अॅक्सल एकाच वेळी बदलावेत. पैसे वाचवण्यासाठी एकच बदलला, तर फोर-व्हील लावताच दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

खरे कौशल्य शिमच्या, म्हणजे पिनियनची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्यांच्या, जुळणीत आहे. कुर्ल्यातल्या गॅरेजने पहिल्यांदा मला न दाखवताच मागच्या अॅक्सलचे कव्हर बंद केले आणि विक्रोळीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच 50 च्या पुढे बारीक शीळ ऐकू येऊ लागली. पुन्हा उघडून दातांवर पिवळे मार्किंग कंपाउंड लावून फिरवले, तेव्हा ठसा दाताच्या मध्यावर न उमटता वरच्या कडेला उमटलेला दिसला; म्हणजे पिनियन क्राऊनपासून दूर राहिले होते. पिनियनमागचा शिम जाड केल्यावर ठसा खाली सरकला. त्यानंतर डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, माझ्या अॅक्सलला सांगितलेल्या 0.15 ते 0.25 मिलिमीटरच्या मर्यादेत आणला. हा ठसा स्वतः पाहिल्याशिवाय आणि त्याचा फोटो काढल्याशिवाय कव्हर बंद करू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

नव्या दातांना पहिल्या दिवशी तापून थंड होण्याची संधी द्यावी लागते, म्हणून कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजचा रस्ता निवडला. पहाटे साडेपाचला मुलुंडहून निघून, वेग 60 च्या आत ठेवून, कल्याण, मुरबाड आणि टोकावडे अशा तीन ठिकाणी अर्धा-अर्धा तास थांबलो. प्रत्येक थांब्यावर डिफरन्शियलच्या हाऊसिंगला, म्हणजे क्राऊन-पिनियन ज्यात बसतात त्या कवचाला, तळहात लावून पाहिला. मुरबाडला तो पाच-सहा सेकंद टिकला, टोकावड्याला त्याहून थोडा जास्त. हात टेकवताच मागे घ्यावा लागला असता, तर मी तिथूनच परत फिरलो असतो. कल्याणला पिनियनच्या ऑइल सीलभोवती ओल दिसली, पण पुसल्यावर पुन्हा आली नाही. बहुधा ते जुळणीच्या वेळी सांडलेले ऑइल असावे.

घाट सुरू झाल्यावर फरक जाणवला. पूर्वी अशा चढावर दुसऱ्या गिअरवर रडणारी गाडी तिसऱ्यातच वळणे घेत होती आणि वेगाचा काटा मोबाईलशी जुळला होता. वर पोहोचल्यावर रस्त्यालगतच्या ओल्या मातीत फोर-लो, म्हणजे चारही चाके ओढणारा संथ गिअर, लावून शंभरेक पावले चालवून पाहिले. कोरड्या डांबरावर ते करू नये.

मागून येणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिले 800 किलोमीटर ट्रेलर ओढू नये आणि पूर्ण थ्रॉटल देऊ नये. त्यानंतर जीएल-5 दर्जाचे 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल दोन्ही अॅक्सलमध्ये नव्याने भरावे. मी काढलेले ऑइल करडे झाले होते आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर शाईसारखा बारीक लगदा होता. तो दोन बोटांत चोळून पाहिला. एकही कण टोचला नाही, म्हणून प्लग पुसून परत बसवला.