सतरा नोव्हेंबरचं फाटक

मी टूर मॅनेजर. अथेन्सच्या पातिसिओन रस्त्यावरचं पॉलिटेक्निक माझ्या लेखी पुरातत्त्व संग्रहालयाच्या शेजारची एक इमारत, एवढंच. बस तिथून जाताना माइकवर चार वाक्यं सांगायची: 1973 साल, लष्करी राजवट, विद्यार्थी कॉलेजात ठाण मांडून बसले, रणगाडा फाटक तोडून आत घुसला, मुलं चिरडून मेली. बसमध्ये दोन-चार 'अरेरे' उमटले की मी जेवणाच्या सूचनांकडे वळायचो.

एका वर्षी आमचा ग्रुप नेमका 17 नोव्हेंबरला तिथं होता. रस्ते बंद. पोलिसांनी बस बरीच अलीकडे अडवली. 31 माणसं, त्यातल्या निम्म्यांचे गुडघे कुरकुरणारे. मी ऑफिसला फोन लावून तणतणत होतो. आमच्या स्थानिक गाइड, साठीच्या बाई, म्हणाल्या, "चालत जाऊ. मला आज तिथं जायचंच होतं." त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली लाल कार्नेशनची फुलं होती. सकाळपासून मला वाटत होतं, कुणाचा तरी वाढदिवस असेल.

ते मोडकं फाटक अजून आवारातच ठेवलंय. लोखंडी गज पिळवटलेले, वर फुलांचा ढीग. मी सवयीनं सुरू झालो. 'चिरडून मेली' म्हटल्याबरोबर बाईंनी मला थांबवलं, सगळ्यांदेखत. फाटक कोसळलं तेव्हा माणसं जखमी झाली, एका मुलीचे पाय चिरडले. पण मेलेले बहुतेक आसपासच्या रस्त्यांवर, गोळ्यांनी. नावानिशी पक्की झालेली संख्या 24. "कुणी मेलंच नाही म्हणणारे आमच्याकडे अजून आहेत. आपण एक गोष्ट चुकीची सांगितली की त्यांचं काम होतं." माझे कान गरम झाले. इतकी वर्षं मी हेच ठोकून देत होतो.

मग त्या बोलतच राहिल्या. ग्रीसमधलं कम्युनिस्टांविरुद्धचं यादवी युद्ध 1949 मध्ये संपलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं सरकारी नोकरीसाठी 'विचार योग्य आहेत' असा पोलिसांचा दाखला लागायचा. त्यांच्या वडिलांना तो मिळाला नव्हता. घरात राजकारणाचा विषय निघाला की आई आधी खिडकी लावायची. अशा घरांतली मुलं प्रयोगशाळेत रेडिओचा ट्रान्समीटर जोडून शहराला हाका मारत होती: "इथं पॉलिटेक्निक!" त्या आवाजांपैकी एक मारिया दामानाकी, पुढे युरोपियन युनियनच्या कमिशनर झाल्या.

भिंतीवरच्या घोषणेचा अर्थ ठाण्याच्या एका काकूंनी विचारला. भाकरी, शिक्षण, स्वातंत्र्य.

"पहिली भाकरीच ना?" काकू म्हणाल्या. "आम्हीपण त्याच सुमारास महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालो होतो. मृणालताई गोरे पुढे असायच्या."

बाईंना लाटणं म्हणजे काय ते हातवाऱ्यांनी समजावलं. त्यांनी एक फूल काढून काकूंना दिलं.

संध्याकाळी मोर्चा, त्या लष्करी राजवटीला पाठीशी घालणाऱ्या अमेरिकेच्या वकिलातीकडे निघाला, पुढे तेव्हाचा रक्ताचे डाग पडलेला झेंडा. तोवर आम्ही हॉटेलवर परतलो होतो. अभिप्रायाच्या फॉर्मवर तिघांनी लिहिलं: म्युझियम दाखवलं नाही.